बालकल्याण समितीनं मूल ‘दत्तकासाठी मुक्त’ ठरवलं, तर अपील कसं करायचं: कोकणातल्या आईबापांसाठी

आदेशाच्या दुसऱ्या पानावर लिहिलं होतं, ‘पालकांचा शोध घेऊनही ते मिळून आले नाहीत.’ त्या महिन्यांत मी घाटावरच्या एका रुग्णालयात टीबीच्या वॉर्डात होते. माझा पत्ता रेशनकार्डावर होता, अंगणवाडीच्या रजिस्टरात होता, मुलीच्या लसीच्या कार्डावरही होता. तिन्हीकडे एकच पत्ता. त्या पत्त्यावर कुणी आलं नव्हतं.

नवरा वारल्यावर मी काजूच्या कारखान्यात जात होते. आजारपण वाढलं तेव्हा साडेतीन वर्षांची मुलगी जावेकडे ठेवून मी उपचाराला गेले. जाऊ पुढे कामासाठी मुंबईला गेली आणि मुलीला शेजारी ठेवून गेली. शेजाऱ्यांना जमेना, तेव्हा कुणीतरी १०९८ ला, म्हणजे मुलांच्या मदतवाहिनीला, फोन केला. मुलगी बालगृहात गेली, पेपरात जाहिरात आली. ती मी पाहिली नाही, कारण वॉर्डात कोकणातला पेपर येत नाही आणि माझा मोबाइल बिलाच्या पैशांसाठी विकलेला होता. मी घरी परतले तेव्हा मुलगी ‘दत्तकासाठी मुक्त’, म्हणजे दुसऱ्या घरी दत्तक देता येईल अशी, ठरवणारा समितीचा आदेश निघून अकरा दिवस झाले होते.

अपील केलं. मुलगी आज माझ्याजवळ आहे. गावाचं आणि जिल्ह्याचं नाव मी लिहीत नाही, कारण अशा मुलाची ओळख उघड करायला कायद्यानं बंदी आहे. त्या वेळी मला कुणी सांगितलं असतं तर कितीतरी दिवस वाचले असते, ते सगळं खाली लिहिते आहे. मी वकील नाही. प्रत्येक पायरीवर वकील हवाच, पण वकिलासमोर बसताना आपल्यालाही काय चाललंय ते कळलं पाहिजे.

१. हातातला आदेश कुणाचा आहे, ते आधी ओळखा

‘कोर्टानं मूल काढून घेतलं’ असं आपण सगळ्यालाच म्हणतो. पण आदेश वेगवेगळे असतात आणि प्रत्येकाची अपिलाची जागा वेगळी असते. कागदाच्या वर कुणाचं नाव आहे आणि खाली कुणाची सही आहे, ते बघा.

बालकल्याण समितीचा आदेश असेल तर तो बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ खालचा आहे. या समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात आणि तिला न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात, म्हणून तिचा कागद कोर्टाच्या कागदासारखाच भारी असतो. ‘मूल दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त’ असं कलम ३८ खाली ठरवलं असेल, तर त्याविरुद्ध कलम १०१ खाली बाल न्यायालयात अपील होतं. बाल न्यायालय म्हणजे वेगळी इमारत नव्हे, बहुतेक ठिकाणी सत्र न्यायालयातलंच नेमलेलं कोर्ट. रत्नागिरी जिल्ह्याचं मुख्य न्यायालय रत्नागिरीत, सिंधुदुर्गाचं ओरोसला, रायगडाचं अलिबागला. नेमकं कोणतं कोर्ट नेमलंय ते तिथल्या फायलिंगच्या खिडकीवर विचारा.

दत्तक देऊन झाल्याचा आदेश असेल तर गोष्ट पुढे गेली आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ सप्टेंबर २०२२ पासून, दत्तकाचा आदेश देण्याचा अधिकार कायद्यानं जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे दिला आहे. त्यावरचं अपील ३० दिवसांत विभागीय आयुक्तांकडे करायचं. आपल्यासाठी ते कार्यालय नवी मुंबईत सीबीडी बेलापूरच्या कोकण भवनात आहे. आदेशावर न्यायाधीशाची सही असेल तर मात्र वाट वेगळी, ती वकिलाकडून त्याच दिवशी समजून घ्या.

नवराबायकोच्या भांडणात मुलाचा ताबा दुसऱ्याला मिळाला असेल, तर हा लेख त्यासाठी नाही. तिथे आईबापपण संपत नाही, फक्त मूल कुणाकडे राहील ते ठरतं, आणि त्याच्या अपिलाची वाटही वेगळी असते.

२. आदेशाची तारीख शोधा आणि दिवस मोजा

सगळ्यात जास्त माणसं इथे अडकतात. मुदत ३० दिवसांची आहे आणि ती आदेशाच्या तारखेपासून सुरू होते. आपल्याला कळलं त्या दिवसापासून नव्हे. मला कळलं तेव्हा अकरा दिवस गेलेले होते, हातात एकोणीस होते. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिसाव्या दिवसाला लाल गोल केला आणि पंचविसाव्याला निळा. निळ्या गोलापर्यंत सगळं तयार हवं, असं ठरवलं. तरी अपील दाखल झालं ते २७ व्या दिवशी.

मुदत संपली असली तरी घरी बसू नका. वेळेत न येण्याला पुरेसं कारण होतं हे पटलं, तर मुदतीनंतरही अपील घेण्याचा अधिकार कलम १०१ मध्येच न्यायालयाला आहे. त्यासाठी अपिलाबरोबर विलंब माफीचा अर्ज लागतो, आणि प्रत्येक कारणाला कागद लागतो. रुग्णालयात होतो म्हटलं की डिस्चार्ज कार्ड. बोटीवर होतो म्हटलं की तांडेलाचं किंवा मालकाचं शपथपत्र. ‘मला माहीत नव्हतं’ एवढंच लिहून कुणी ऐकत नाही.

कोकणातले दिवस मोजताना पाऊस आणि सण धरून मोजा. जुलैत घाटात दरड आली की एक दिवस गेला, नदीला पूर आला की एसटी बंद. गणपतीच्या पाच दिवसांत ना टायपिस्ट मिळतो, ना नोटरी. उलट मुंबईचे नातेवाईक शपथपत्रावर सही करायला हवे असतील, तर ते गणपतीत आणि शिमग्यात गावातच भेटतात.

३. ‘आपल्यावरच केस होईल’ या भीतीनं थांबू नका

मला गावात दोघातिघांनी सांगितलं, ‘गेलीस तर मूल टाकलं म्हणून तुलाच आत घालतील.’ त्या बोलण्यात माझे दोन दिवस गेले. कायदा नेमका उलटं सांगतो. सोडलेल्या किंवा सुपूर्द केलेल्या मुलाच्या चौकशीत जन्मदात्या आईबापावर एफआयआर नोंदवू नये, असं कलम ३८ मध्येच लिहिलेलं आहे. ही ओळ वहीत उतरवून घ्या आणि जो घाबरवेल त्याला दाखवा.

४. नकलांसाठी अर्ज टाका, त्याच दिवशी

समितीच्या कार्यालयात जाऊन आदेशाची प्रमाणित नक्कल मागा. तोंडी नको, लेखी अर्ज करा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या: शिक्का, तारीख, सही. पोच दिली नाही तर तोच अर्ज स्पीड पोस्टानं पोचपावतीसह पाठवा आणि पावती जपा.

नुसता आदेश पुरत नाही. एकाच अर्जात हे सगळं मागा:

– मूल समितीपुढे पहिल्यांदा हजर केल्याची नोंद. मूल मिळाल्यापासून प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत हजर करायचं असतं.
– सामाजिक तपासणी अहवाल, म्हणजे मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल.
– आईबापांचा शोध घेतल्याचे कागद: पोलिसांचा अहवाल, पेपरातली जाहिरात, कुठल्या पत्त्यावर कोण कधी गेलं त्याची नोंद.
– समितीच्या बैठकांचा रोजनामा.

माझं सगळं अपील या तिसऱ्या ओळीवर उभं राहिलं. शोधाचा कागद एकच पान होतं आणि त्यात माझ्या वाडीचं नाव चुकलेलं होतं. आमच्या गावात एकाच आडनावाच्या तीन वाड्या आहेत. ज्या वाडीत चौकशी झाली तिथल्यांनी ‘अशी बाई इथे राहत नाही’ असं सांगितलं, आणि ते खरंच होतं.

काही कागद गोपनीय म्हणून मिळणार नाहीत. वाद घालत बसू नका. ‘मागितले, दिले नाहीत’ हे अपिलात लिहा, न्यायालय समितीचं सगळं रेकॉर्ड स्वतः मागवू शकतं.

५. वकील मोफत मिळतो, आणि तो मागायला लाजू नका

जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते. १९८७ च्या कायद्यानं स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसांनाही तसंच. बाकीच्या बहुतेक पुरुषांना उत्पन्नाची मर्यादा आहे, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागेल. फोनवर विचारायचं तर १५१०० ही त्यांची मदतवाहिनी आहे.

मला मिळालेल्या वकीलबाई खूप चांगल्या होत्या, पण बाल न्याय कायद्याचं अपील त्यांनी आधी केलेलं नव्हतं. लहान जिल्ह्यात अशी अपिलं क्वचित होतात. म्हणून पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारा, ‘कलम १०१ चं अपील तुम्ही केलंय का?’ नसेल केलं तरी चालेल, तयारीला वेळ देणार असतील तर. आमच्या वकीलबाई दोन रात्री कायदा वाचत बसल्या होत्या, हे मी विसरणार नाही.

कोर्टाच्या आणि कार्यालयाच्या दारात ‘साहेब माझ्या ओळखीचे आहेत, एवढे द्या, मूल परत आणतो’ म्हणणारी माणसं भेटतात. त्यांना एक रुपया देऊ नका. पैसे जातातच, आणि वर ‘या बाईनं पैसे देऊन मूल मागितलं’ असं कुणी लिहिलं की तुमची बाजू कायमची पडते.

६. घराचे कागद गोळा करा

माझी आते मला म्हणाली होती, ‘बाय, रडायला रात्र आहे, दिवसा कागद गोळा कर.’ मी तिचं ऐकलं.

एक गोष्ट नीट समजून घ्या. ‘मी जन्म दिला, मूल माझं आहे’ हे न्यायालयाला मान्यच असतं. न्यायालय दोन प्रश्न विचारतं: समितीनं कायद्यानं सांगितलेली चौकशी खरोखर केली का, आणि मूल आज परत दिलं तर ते कुठे झोपेल, काय खाईल, त्याच्याजवळ कोण असेल. पहिल्या प्रश्नाचं उत्तर नकलांमध्ये सापडतं. दुसऱ्याचं तुमच्या पिशवीतून द्यावं लागतं.

माझ्या पिशवीत हे होतं:

– मुलीचा जन्मदाखला, ग्रामपंचायतीचा. आधार नव्हतं, त्यानं अडलं नाही.
– माता व बाल संरक्षण कार्ड, सगळ्या लसींच्या तारखांसह. माझ्या मते हा सगळ्यात बोलका कागद आहे. दर लसीला आई मुलाला घेऊन उपकेंद्रात गेली होती, हे त्याहून चांगलं कोण सांगणार?
– अंगणवाडीतली हजेरी आणि सेविकाताईंचं पत्र.
– रेशनकार्ड, घरपट्टीची पावती, लाइटबिल.
– नवऱ्याचा मृत्यूदाखला.
– रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड, टीबीचा कोर्स पूर्ण झाल्याचा कागद आणि आता संसर्ग नाही असं डॉक्टरांचं पत्र.
– कारखान्याच्या मुकादमाचं पत्र, मी कामावर परत घेतली गेले आहे म्हणून.
– आतेचं शपथपत्र: मी कामावर असताना मूल ती सांभाळेल. तिच्या आधारची प्रत जोडून.
– शेजारच्या दोन घरांची शपथपत्रं.
– घराचे फोटो: चूल, झोपायची जागा, संडास, विहीर.

मासेमारीवर घर चालत असेल तर एक गोष्ट आधीच लिहून द्या. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. अपील पावसात चाललं आणि कुणी पाहणीला आलं, तर घरात पगार दिसत नाही, बोट किनाऱ्यावर शाकारलेली दिसते. दुसऱ्या जिल्ह्यातून बदलून आलेल्या अधिकाऱ्याला हे उमगेलच असं नाही. वर्षाच्या कुठल्या महिन्यात घरात किती येतं आणि बंदीच्या काळात जाळी विणून, मजुरीवर किंवा सुक्या मासळीवर घर कसं चालतं, ते एका पानावर लिहा.

आजार, दारू, कर्ज, घरातली मारहाण यांतलं काही खरं असेल तर लपवू नका. ते अहवालात आधीच असतं. मी टीबी लपवावा असं मला दोघांनी सुचवलं होतं. वकीलबाई म्हणाल्या, ‘लपवलंत तर आजार हा दोष होईल. दाखवलात तर तेच कारण होईल.’ तसंच झालं.

७. अपिलात काय लिहायचं

मसुदा वकील करतील, पण मुद्दे तुम्ही पुरवायचे. माझ्या अपिलात चार मुद्दे होते, आणि बहुतेक प्रकरणांत यांतले एकदोन तरी असतातच.

पहिला, शोध नीट झाला नाही. मुलाला मुक्त ठरवण्याआधी आईबापांना शोधण्याचे सगळे प्रयत्न समितीनं करायचे असतात. रेशनकार्डावरचा पत्ता, अंगणवाडी, उपकेंद्र, पोलीसपाटील, यांपैकी कुठे कुणी गेलं नाही ते एकेक करून लिहा.

दुसरा, मला ऐकलंच नाही. कायद्याच्या कलम ३ मधल्या तत्त्वांत नैसर्गिक न्याय आहे, म्हणजे ज्याच्यावर परिणाम होणार त्याचं म्हणणं ऐकायचं. मूल सांभाळण्याची पहिली जबाबदारी कुटुंबाची, मुलाला आपल्या घरी परतण्याचा हक्क, आणि संस्था हा शेवटचा उपाय, ही तत्त्वंही तिथेच आहेत. ही तिन्ही वाक्यं अपिलात आलीच पाहिजेत.

तिसरा, मूल ‘सोडलेलं’ नव्हतंच. उपचारासाठी नातेवाइकाकडे ठेवणं म्हणजे टाकून जाणं नव्हे.

चौथा, मुदत आणि सह्या. दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी दोन महिने आणि त्याहून मोठ्यासाठी चार महिने अशी चौकशीची मुदत आहे. मुक्त ठरवण्याच्या निर्णयात समितीचे किमान तीन सदस्य लागतात. दिवस मोजा, सह्या मोजा.

अपील कुणालाही करता येतं, ‘आदेशानं बाधित झालेली कोणतीही व्यक्ती’ असे शब्द आहेत. आईबाप नसतील तर आजीआजोबा, मामा, मावशी यांनी पुढे यावं.

तुम्ही स्वतः सही करून मूल दिलं असेल तर

याला कार्यालयात सरेंडर डीड म्हणतात. ही सही समितीसमोर, समुपदेशन झाल्यावर करायची असते आणि त्यानंतर विचार बदलायला दोन महिने मिळतात. त्या दोन महिन्यांत असाल तर अपिलाची वाट धरू नका. आज, आत्ता, समितीकडे लेखी अर्ज द्या की मला मूल परत हवं आहे, आणि पोच घ्या. लग्नाच्या जोडप्याच्या मुलासाठी दोघांचीही सही लागते. एकाचीच असेल, किंवा दवाखान्यात बाळंतिणीकडून कोऱ्या कागदावर घेतलेली असेल, तर तो अपिलातला मोठा मुद्दा आहे. बाळंतपणानंतर आठवड्याच्या आत घरच्यांनी अंगठा उठवायला लावला, असं सांगणाऱ्या दोन मुली मला कोर्टाच्या बाकावर भेटल्या होत्या. दोघींनाही दोन महिन्यांबद्दल कुणी सांगितलेलं नव्हतं.

८. स्टे, म्हणजे स्थगिती, मागा. अपिलाइतकाच तोही महत्त्वाचा आहे

अपील दाखल झालं म्हणजे पुढची प्रक्रिया थांबली, असं होत नाही. मुक्त ठरलेल्या मुलाची माहिती केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या, म्हणजे काराच्या, केअरिंग्ज पोर्टलवर जाते. मग दत्तक घेऊ इच्छिणाऱ्या जोडप्याला मूल दाखवलं जातं, दत्तकपूर्व संगोपनासाठी सोपवलं जातं. दत्तकाचा आदेश झाला की कायद्यानं जन्माच्या घराचं नातं तुटतं. एकदा मूल त्या घरात रुळलं की न्यायालयही त्याला पुन्हा उपटायला कचरतं, आणि मुलाकडे बघितलं तर ते कचरणं चूक नाही.

म्हणून अपिलाबरोबर त्याच दिवशी स्थगितीचा अर्ज द्या. त्यात स्पष्ट मागा: अपिलाचा निकाल लागेपर्यंत मूल कोणत्याही कुटुंबाला सुचवू नये, दाखवू नये, सोपवू नये.

स्टे मिळाला की खरं धावायचं काम सुरू होतं. आदेशाची प्रत आपण होऊन तीन ठिकाणी पोचवा: बालकल्याण समिती, जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि मूल ज्या संस्थेत आहे ती संस्था. तिन्हीकडे पोच घ्या. मी दुपारी अडीचला कोर्टातून निघाले, पावसात दोन एसटी बदलून संस्थेत पोचले तेव्हा कार्यालय बंद होत होतं. तिथल्या अधीक्षिका थांबल्या, त्यांनी प्रत घेतली, शिक्का मारला. मुलगी दाराआड उभी होती. तिनं मला ओळखलं नाही. माझे केस आजारात गेले होते. मी हाक मारली नाही, कारण भेटीची परवानगी नव्हती. नियम पाळा, कितीही जड गेलं तरी. संस्थेच्या दारात रडारड, भांडण झालं की त्याची नोंद होते आणि ती पुढच्या तारखेला वाचली जाते.

९. तारखा आणि भेटी

अपील ३० दिवसांत निकाली काढावं असं कायदा म्हणतो. माझ्या प्रकरणात त्याहून जास्त लागले. एकही तारीख चुकवू नका. वकील हजर असले तरी तुम्ही मागच्या बाकावर दिसलं पाहिजे. सकाळची पहिली एसटी धरा, रोजगार बुडेल ते आधीच मुकादमाला सांगून ठेवा.

भेटीसाठी वेगळा अर्ज द्या. परवानगी मिळाली की वेळेवर जा, रिकाम्या हातानं गेलात तरी चालेल. महागडी खेळणी नेऊ नका. मी तिचं जुनं गोधडीचं पांघरूण नेलं होतं. तिसऱ्या भेटीत तिनं ते नाकाशी धरलं आणि मग माझ्या मांडीवर येऊन बसली. भेटीची नोंद संस्था ठेवते, ती अपिलात उपयोगी पडते. पण मुलाला ‘मी तुला उद्या नेते’ असं सांगू नका. उद्या नेता येत नाही, आणि ते रात्रभर दाराकडे बघत बसतं.

मुलाचा फोटो, नाव, संस्थेचं नाव गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, फेसबुकवर टाकू नका. बातमीदारालाही देऊ नका. कलम ७४ खाली हा गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मदत करायला निघालेल्या पुतण्याला, भाच्याला हे आधीच बजावून ठेवा.

१०. निकाल लागला, पुढे?

जिंकलो म्हणजे मूल त्याच दिवशी कडेवर, असं सहसा होत नाही. माझ्या प्रकरणात न्यायालयानं आदेश रद्द केला आणि पुन्हा चौकशी करायला प्रकरण समितीकडे परत पाठवलं. मला ते तेव्हा हरल्यासारखं वाटलं. पण या वेळी घरभेट झाली, आतेला विचारलं, सेविकाताईंना विचारलं, आणि समितीनं कलम ३७ खाली मुलगी देखरेखीच्या अटीवर माझ्याकडे सोपवली.

अपील फेटाळलं गेलं तर दुसरं अपील नाही. पण कलम १०२ खाली उच्च न्यायालयात पुनरीक्षण अर्ज करता येतो. समितीचा किंवा बाल न्यायालयाचा आदेश कायद्याला धरून आहे का, हे उच्च न्यायालय तपासू शकतं. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाच्या लोकांसाठी १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, सुरू झालं आहे, तेव्हा मुंबईची फेरी वाचते. रायगडाला मात्र मुंबईच. मोफत वकील तिथेही मागता येतो. स्टेचा अर्ज तिथेही पहिल्याच दिवशी द्यावा लागेल, कारण खालचा स्टे निकालाबरोबर संपतो.

मूल घरी आल्यावर जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेचा अर्ज भरा. एकल आई किंवा बाप असेल, घरात गंभीर आजार असेल, तर या योजनेत बसू शकता. महिन्याला २,२५० रुपये मुलासाठी येतात. मला हा अर्ज आधीच कुणी भरायला सांगितला असता, तर मुलगी शेजारी ठेवायची वेळ कदाचित आली नसती.

देखरेखीचे अधिकारी काही महिने घरी येत राहतील. न सांगताही येतील. घर सजवून ठेवायची गरज नाही. लसीचं कार्ड, अंगणवाडीची हजेरी, तुमच्या औषधांची चिठ्ठी दाराजवळच्या खुंटीवर एका पिशवीत टांगून ठेवा. ते विचारतील ते खरं सांगा आणि मुलाला त्यांच्याशी बोलू द्या. पहिल्या भेटीत माझी मुलगी त्यांना बघून चुलीमागे लपली होती. चौथ्या भेटीला तिनंच त्यांना पाण्याचा तांब्या नेऊन दिला.